बिनमायेची शिवण

माझ्या मुलीचा नववीचा गणवेश मी मुद्दाम तंग शिवला. कात्री हातात धरून, नीट विचार करून. हे एवढंच वाक्य लिहायला मला बारा वर्षं लागली, आणि लिहून झाल्यावर हलकं वगैरे काही वाटत नाहीये.

कडावच्या नाक्याजवळ माझं शिलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मशीन, कापायचं टेबल, आणि पडद्यामागे माप घ्यायची जागा. आसपासच्या गावांतल्या बायका ब्लाउज, पंजाबी ड्रेस शिवून घ्यायला येतात. मी वर्षानुवर्षं त्यांच्या अंगाला टेप लावत आले आणि मनातल्या मनात त्यांना नावं ठेवत आले. कुणाचे दंड केवढे, कुणाचं पोट बाळंतपणानंतर आत गेलंच नाही, सगळं मला पाठ. एखादी सुटलेली बाई पडद्याआड उभी राहिली की माझं तोंड आपोआप वाकडं व्हायचं. "श्वास सोडा. पोट ओढून धरू नका, मला कळतं." बायका हसण्यावारी न्यायच्या, कारण माझा हात चांगला होता.

मी स्वतः काडी. लग्न होऊन आले तेव्हा सासरच्यांना माझ्यात कौतुक करण्यासारखं एवढंच सापडलं, "पोर शिडशिडीत हाय." रंग सावळा, शिक्षण सातवी, नाक बसकं, त्या एका शब्दावर मी वीस वर्षं काढली. अर्धी भाकरी खाऊन ताट बाजूला सारायचं आणि दुसऱ्यांची ताटं बघत बसायचं. हे सांगते आहे म्हणून मला सवलत देऊ नका.

मुलगी बापाच्या अंगावर गेली. रुंद खांदे, भरलेले दंड, गोल चेहरा. सहावीपासून ती भरायला लागली आणि मी हात धुऊन तिच्या मागे लागले. "दुसरी भाकरी? कुठं जायचंय तुला, नांगराला?" ती हात मागे घ्यायची. तिचा बाप म्हणायचा, "खाऊ दे गं, वाढतं अंग हाय." मी म्हणायचे, "वाढतं नाही, फुगतं." मग तो आपलं ताट उचलून ओटीवर जाऊन बसायचा. पोरीला माझ्यासमोर एकटी सोडून.

आमच्याकडे दूध घालणारी एक बाई होती, अजून आहे. दोन म्हशी, चार पोरं, आणि दरवाजा भरून जाईल असं अंग. ब्लाउज माझ्याकडेच शिवायची. कापड टेबलावर टाकून पहिलं वाक्य हेच, "माया ठेव गं भरपूर. मी काय आटनार नाय." शिवणाऱ्यांच्या बोलण्यात माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड. अंग वाढलं की टीप उसवायची, आतली माया सोडायची, कपडा पुन्हा अंगाला होतो. वाढत्या पोरींच्या कपड्याला तर दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया हवीच, हे नवशिक्या बाईलाही कळतं.

एकदा मी तिला म्हणाले, "मायेपुरतं कापड तर आणायचं. तुमच्या दंडातच संपलं सगळं."

"नाय पुरला तर दुसरा कापड आनीन गं," ती खो खो हसत म्हणाली. "अंग कुठून दुसरा आनू?"

माझी मुलगी तिथेच बसून अभ्यास करत होती. तीही हसली. मनापासून, मोठ्याने हसली. मला दोघींचाही इतका राग आला की त्या बाईचं माप मी दोनदा चुकीचं लिहिलं.

त्याच आठवड्यात शाळेचं कापड आलं. निळा कुडता, पांढरी सलवार. माप मीच घेतलं, छाती अडतीस. कापताना छत्तिसाच्या मापाने कापलं आणि माया अजिबात ठेवली नाही. अंगाला काचेल तेव्हा खाणं सुटेल, असा माझा विचार. रोज सकाळी अंगात घालताना तिला कळावं, आपण केवढ्या आहोत.

घालून बघताना ती म्हणाली, "आई, काखेत ओढतंय गं. थोडी माया सोड ना."

"मायाच नाही आत. तुला कापड पुरलं नाही, त्याला मी काय करू?"

तिने आतली कड उलटून पाहिली. तिने विश्वास ठेवला.

दीड महिना तिने तो घातला. एका शनिवारी मैदानात कवायत होती. हात वर केले आणि बाजूची शिवण काखेपासून कमरेपर्यंत उसवली. पोरंपोरी रांगेत उभी होती, सगळ्यांनी पाहिलं. शाळेतल्या एका बाईंनी आपली ओढणी तिच्याभोवती गुंडाळून तिला घरी धाडलं. ती दुकानात शिरली तेव्हा ब्लाउज न्यायला आलेली एक बाई समोर होती. तिच्यादेखत मी माझ्या मुलीला म्हणाले, "बघ. कापडालाही सोसवत नाही."

ती रडली नाही. ओढणी घडी करून खुर्चीवर ठेवली आणि आत गेली.

त्यानंतर तिने मला कधी माप घेऊ दिलं नाही. नेरळला जाऊन तयार कपडे आणायची, दोन साइज मोठे, पुरुषांचे टीशर्टसुद्धा. कुठेही बसायच्या आधी हात काखेखाली नेऊन बाजूची शिवण चाचपायची. कुणाच्या घरी, एसटीत, लग्नाच्या पंगतीत. ती चाचपायची आणि मी दुसरीकडे बघायचे. सांगायला वेळ नव्हता असं नाही. बारा वर्षं होती.

मधल्या काळात माझी गर्भपिशवी काढली आणि काडीचा ओंडका झाला. दुपारी दार लावून मी स्वतःचे ब्लाउज उसवत बसायचे. माझ्या ब्लाउजांना माया होती. प्रत्येकाला होती, भरपूर. दूधवालीने मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आली गं बया, आली आमच्यात! बस जरा, टेकून बस!" मी तिचा ब्लाउज महिनाभर टांगून ठेवला.

मुलगी पुढे खालापूरकडच्या एका रिसॉर्टवर रिसेप्शनला लागली. तिथे जॅकेट घालावं लागतं. तिला होईल असं जॅकेट त्यांच्याकडे नव्हतं, आणि तिने मागितलंही नाही. मोबाइलवरच्या कुठल्याशा ग्रुपमधून एक पावडर मागवली आणि तीन आठवडे त्या पावडरीवर आणि लिंबूपाण्यावर राहिली. गेल्या कार्तिकात, भातकापणी चालू असताना, ती काउंटरवर उभ्याउभ्या कोसळली. सलाइन लावून रिसॉर्टच्या गाडीने तिला घरी सोडलं. ड्रायव्हरच्या आधाराने ती पायरी चढत होती. माझं पहिलं लक्ष कुठे गेलं? तिचा ड्रेस खांद्यावर लोंबत होता तिकडे. आणि मला बरं वाटलं. पोटची पोर पांढरीफटक होऊन दारात उभी आणि मला क्षणभर बरं वाटलं. स्वतःची खरी भीती मला तेव्हा वाटली.

ती पलंगावर आडवी झाली. मी पेज आणली.

"नको."

"डॉक्टरांनी सांगितलंय, अशीच राहिलीस तर परत पडशील."

"पडू दे. लेक्चर नको." ती भिंतीकडे तोंड करून बोलत होती. "तूच म्हणाली होतीस, कापडालाही सोसवत नाही. बरोबर होतं तुझं."

एरवी ती माझं काहीही बरोबर म्हणत नाही. म्हटलं ते हे.

"कापड पुरलं होतं," मी म्हणाले.

"काय?"

"गणवेशाचं. मी छाती दोन इंच कमी कापली. माया ठेवली नाही. तुला काचावं म्हणून. मुद्दाम."

ती वळली. उठून बसायला तिला वेळ लागला, मी हात पुढे केला तो तिने झटकला.

"किती उरलं होतं?"

"पाऊण मीटर."

"त्याचं काय केलंस?"

"खडूची पिशवी शिवली."

"ती निळी? टेबलाला लटकते ती?" ती हसली. तसं हसणं कुणाच्या वाट्याला येऊ नये. "बारा वर्षं मी ती बघतेय, आई. मीच त्यातून खडू काढून दिलेत तुला."

मी पेजेची वाटी खाली ठेवली.

"बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"मग आज का सांगतेस? मी मरेन म्हणून?"

"हो."

"कोसळले नसते तर नसतं सांगितलंस."

"नसतं."

ती म्हणाली, "माफी मागायची नाही. आत्ता नाही, मी म्हातारी झाल्यावरही नाही. ती पेज ओत कुठे तरी. भात टाक. सुकट असेल तर भाज."

मी भात टाकला. तिने ताट पुढ्यात ओढलं आणि मला समोर बसवलं. दुसऱ्या वाढीला तिने भाताचा डाव मला दिला नाही, स्वतः घेतला. मी खाली बघायला लागले तर म्हणाली, "वर बघ. एवढी वर्षं बघितलंस ना, आता कशाला लाज?"

मी बघत राहिले. तोंडाशी शब्द येत होते, सवयीने. दातांत धरून ठेवले.

तिचं झाल्यावर तिने भाताचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "आता तू."

"मला भूक नाही."

"खोटारडी."

मी जेवले. ती भिंतीला टेकून माझा एकेक घास बघत होती, प्रेमाने बिलकुल नाही. माझ्या पोटावरची साडी वर-खाली होत होती. ते ती बघत होती, मलाही दिसत होतं. पण ते झाकायला मी पदर ओढला नाही. त्या दिवशी मला जमलं ते एवढंच.

पावडरीचा डबा तिने दूधवालीला देऊन टाकला. त्या बाईने ती पावडर म्हशीच्या आंबोणात घातली आणि म्हैस तोंड लावीना म्हणून आम्हाला शिव्या दिल्या. मुलगी कामावर परत गेली, आपल्या मापाचं जॅकेट मागितलं, मिळेपर्यंत रोज मागत राहिली. माझ्याशी ती कामापुरतं बोलते. काही दिवस ताट पूर्ण संपवते, काही दिवस अर्ध्यावर उठते. उठली की मी त्या ताटाकडे बघत राहते, पण "जेव" म्हणायचा हक्क मी गमावलाय.

मागच्या महिन्यात तिने एक ड्रेस शिवून घेतला. कर्जतला, दुसऱ्या बाईकडे. लाल, बिनबाह्यांचा, अंगाबरोबर बसणारा. तो घालून ती दुकानातून बाहेर निघाली. मी मशीनवरचा पाय थांबवला. खांदा सरळ बसला होता, कमरेत कुठे चुणी नव्हती. शिलाई माझ्यापेक्षा चांगली होती, आणि ती त्यात चांगली दिसत होती.

"छान बसलाय," मी म्हणाले.

"तुला विचारलं नव्हतं," ती म्हणाली आणि चपला घालायला तिथेच स्टुलावर बसली. धपकन, कुठेही न चाचपता.