औंढ्यातलं हॉटेल

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, दर दिवाळीत मुंबईहून लोणावळ्याला हवा खायला येत. असं ते म्हणत. मी त्यांच्याबरोबर एकदाच राहिलो, पण तेवढ्यात कळलं की हवेशी त्यांचा काही संबंध नव्हता. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "नाश्त्याला काय आहे?" आणि बशी समोर आली की कपाळाला आठी. त्यांची सहल ताटात सुरू होई आणि ताटातच संपे.

मी तेव्हा तळेगावच्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. सुट्टी पडली आणि ताईचं पत्र आलं, आम्ही लोणावळ्याला उतरतोय, तूही ये. आई म्हणाली, "जा, जावयांना सोबत होईल." आमच्या घरी जावयाला गरम पोळी लागे, पाठीला लोड लागे आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणारं एक माणूस लागे. त्या वर्षी ते काम माझ्याकडे आलं.

ज्या हॉटेलात ते उतरले होते तिथला मालक भर दुपारीही कोट घालून दारात उभा असे. जेवणघराच्या भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं मोठं चित्र होतं, आणि खिडकीतून खरा डोंगर दिसत होता म्हणून की काय, खिडकीवर पडदा ओढलेला. सूप म्हणून यायचं ते टोमॅटोचं सार, त्यात मूठभर साखर. कटलेट म्हणजे सकाळची उरलेली बटाट्याची भाजी, पावाचा चुरा लावून तळलेली. सकाळी ती भाजी भाऊजींनी "काय ही भाजी!" म्हणून सारली होती. संध्याकाळी तीच काट्याने उचलून ते म्हणाले, "वा! इथं पूर्वी साहेबलोक उतरायचे, माहीत आहे?" मी मान डोलावली. ताईने आपल्या ताटातलं कटलेट मुकाट्याने माझ्या ताटात ठेवलं.

दारूबंदीचे दिवस होते. भाऊजींकडे डॉक्टरच्या सहीचं परमिट होतं. दारू मिळाली नाही तर या गृहस्थाच्या प्रकृतीला धोका आहे, असा त्याचा अर्थ. प्रकृती बैलासारखी होती. त्याच हॉटेलच्या मागच्या अंगाला परमिट रूम होती. चार टेबलं, जाड पडदे आणि भर दिवसा पेटवलेला पिवळा दिवा. पाच-सहा जण एकमेकांकडे पाठ करून, दवाखान्यात नंबर लावल्यासारखे बसले होते. कुणी हसत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. इतक्या खटपटी करून मिळवलेला आनंद इतका रडका असेल असं मला वाटलं नव्हतं. ताईला बाहेर व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर, लिंबू-सोड्याची बाटली देऊन बसवलेलं. मी आत भाऊजींच्या शेजारी खारे दाणे खात होतो. दुसऱ्या ग्लासाला त्यांना गहिवरून आलं.

"मास्तर, हे सगळं खोटं आहे. खरं जेवण खेड्यात. चुलीवरचं. उद्या आपण खेड्यात जेवायचं."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं औंढ्याच्या वाटेला लागलो. भात कापणीला आलं होतं. भाऊजींच्या पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात नवी काठी. ताई मागून येत होती, कारण ते कधी तिच्या चालीने चालत नसत. बारा वाजले, ऊन डोक्यावर आलं आणि भाऊजींची भूक बोलू लागली. गावाच्या कडेला एका घरापुढे मांडव दिसला. खाली माणसं ओळीने बसलेली, पुढ्यात पत्रावळी, दोन-तीन गडी वाढत होते.

"हे बघ! छान हॉटेल आहे," असं म्हणत भाऊजी सरळ मांडवात शिरले.

मी पाऊल टाकताक्षणीच ओळखलं. वाढणाऱ्यांत तिशीचा एक माणूस होता, त्याचं डोकं आणि मिशा नुकत्याच तासलेल्या. ओट्यावर एक म्हातारी बसली होती, कपाळ मोकळं, मनगटं मोकळी. पत्रावळीवर लापशी होती. कुणाचा तरी तेरावा होता आणि हा त्याचा मुलगा.

मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. भीती वाटली म्हणून नव्हे. दोन दिवस मान डोलावून माझी मान दुखत होती. मनात आलं, बसू दे. कुणीतरी त्यांना हाताला धरून उठवील आणि ते मला बघायला मिळेल.

पण कुणी उठवलं नाही. तासलेल्या डोक्याचा तो माणूस पुढे आला आणि त्याने हात जोडले. "या भाऊ. बसा की. हितं सावलीला बसा." पंगतीतली माणसं सरकली. आमच्यापुढे पत्रावळी आल्या.

"तीन ताटं," भाऊजी म्हणाले. "आणि जरा लवकर, बरं का."

पंगतीत कुजबुज झाली. एका म्हाताऱ्याने आमच्याकडे रोखून पाहिलं, मग नजर पत्रावळीत घातली. भात आला, आमटी आली, वांग्याची भाजी आली. भाऊजींनी आमटीचा भुरका मारला आणि मोठ्याने म्हणाले, "यात मीठ कुठंय? आणि भाजी गार आहे. इतक्या लांबून माणसं येतात, गरम तरी द्यायला नको?"

मुलाचा चेहरा उतरला. "चुकलं भाऊ. मीठ आनतो." तो खरंच आत धावला.

ओट्यावरची म्हातारी पदर तोंडाला लावून हलत होती. मला वाटलं, रडते आहे. ती शेजारणीला म्हणाली, "त्यांचं बी असंच व्हतं बघ. पयला घास घेतला की मीठ न्हाई. लगीन झाल्यापास्नं त्येच." आणि ती हसता हसता खरंच रडू लागली.

तमाशा बघायला मी बसलो होतो, आणि तो बघावा लागला त्या म्हातारीच्या डोळ्यांतून. ताईने पत्रावळीवरचं शितन् शीत संपवलं. एकदाही मान वर केली नाही. भाऊजींनी दोनदा लापशी मागून घेतली.

उठताना त्यांनी खिशातून नोट काढली. मुलगा दोन पावलं मागे सरला. "न्हाई भाऊ, त्ये ठेवा." भाऊजींनी नोट तांब्याखाली सारली आणि चालू लागले. आम्ही वाटेला लागतो न लागतो तोच तो मुलगा धावत आला. नोट त्याने ताईच्या हातात दिली. "ताई, ह्ये तुमचं राह्यलं. आजच्या दिशी न्हाई घेत आमी." ताईने नोट घेतली आणि त्याला वाकून नमस्कार केला. तो गडबडला आणि परत गेला.

"बघितलंस?" भाऊजी मला म्हणाले. "वेटर टिपसुद्धा घेत नाहीत. खेड्यात अजून सचोटी आहे."

त्या संध्याकाळी जेवणघरात त्यांनी कोटवाल्या मालकाला सगळं रंगवून सांगितलं. जागा ऐसपैस, माणसं नम्र, फक्त स्वयंपाकाला हात नाही. मालक मोठ्याने हसला. ताई भात वाढत होती. तिने पळी भांड्यात टाकली, उठली आणि खोलीत गेली. लग्नाला दहा वर्षं झाली होती, त्यांच्या आधी ती ताटावरून उठल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

सकाळी ती पिशवी भरून दारात उभी. "मी तळेगावला जाते आहे," ती त्यांना म्हणाली. "तुम्ही जेवा."

मीही तिच्याबरोबर निघालो. गाडीत मी तिला विचारलं, "तुला कधी कळलं?"

"मांडवात शिरताना. तुला?"

"तेव्हाच."

"मग बोलला का नाहीस?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. तिने पुन्हा विचारलं नाही. तिला आपणही का बोललो नाही हे ठाऊक असावं.

तिसऱ्या दिवशी भाऊजी तळेगावला आले. आईने पुरणपोळी केली. ताई वाढायला आली नाही, स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी राहून तिने सांगितलं, "ते हॉटेल नव्हतं. तेरावा होता. त्या मुलाचा बाप गेला होता."

भाऊजींचा हात थांबला. मला वाटलं, आता. एवढा धडधाकट माणूस आता तरी खाली बघेल.

"असं?" ते म्हणाले. "मग आधी सांगायचं त्यांनी." आणि त्यांनी तुपाच्या भांड्याकडे बोट केलं.

आईने त्यांच्या पोळीवर तूप वाढलं.