आम्ही विष शोधायचो

आमच्या लॅबच्या वहीत शेवटचा रकाना ‘रिमार्क्स’चा होता. आधी नमुन्याचा नंबर, मग जागा, जमिनीतली खोली, तारीख आणि शेवटी हा. डॉक्टर हाना यांची सक्त ताकीद होती की तो रिकामा ठेवायचा नाही. वारा होता का, शेजारच्या शेतात फवारणी चालू होती का, विहिरीवर कोण भेटलं, सगळं लिहायचं. माझं हिब्रू बोलण्यापुरतं ठीक होतं, पण लिहायला बसलं की घाम फुटायचा. म्हणून मी तो रकाना मराठीत भरायचो. कोणाला वाचता येत नाही म्हटल्यावर माझा हात सुटला. पुढे पुढे विहिरींपेक्षा माणसांबद्दलच जास्त लिहिलं गेलं. किस्से काही कोणी ठरवून साठवत नाही. रकाना भरायचा असतो, म्हणून ते साठतात.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी मुंबईत एका मिलच्या रंगखात्यात बाटल्या धुवायचो, तो इस्रायलला येऊन लोदजवळच्या एका सरकारी लॅबमध्ये टेक्निशियन झालो. बाटल्या इथेही धुवायच्याच होत्या, फक्त पगारपत्रकावर नाव मोठं होतं. काम असं, की शेतात आणि डासांवर वर्षानुवर्षं मारलेलं डीडीटी आणि त्याच्या भावकीतली औषधं मातीत किती मुरली आणि विहिरीत किती उतरली, ते शोधायचं. ही औषधं मोठी चिवट. पावसानं धुऊन जात नाहीत, उन्हानं उडत नाहीत, पाणी उकळलं तरी जागची हलत नाहीत.

आम्ही चौघं. डॉक्टर हाना, हंगेरीहून आलेल्या. आम्ही आपसात त्यांना ‘बाई’ म्हणायचो. त्या कधी हसल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. रूती, अश्दोदची, आपल्याच मराठी ज्यू माणसांची पोर, पण जन्म इथला. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिब्रूतून द्यायची. ड्रायव्हर एलिस मामा, मूळचे अलिबागकडचे. आणि मी, शिमशोन.

*

पाण्याचे नमुने गडद तपकिरी काचेच्या बाटल्यांत यायचे. बाटली जाड, झाकण घट्ट. एलिस मामांचा त्या बाटल्यांवर फार जीव. एक जुनी बाटली त्यांनी धुऊन घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात सोलकढी भरून आणली. आमसुलं मुंबईहून कोणीतरी पाठवली होती. बाटली त्यांनी नमुन्यांच्या फ्रिजमध्ये ठेवली. बाटली धुतली होती, पण लेबल तसंच होतं.

रूतीनं नंबर बघितला आणि बाटली कामाला घेतली. ओतली, तर पाणी गुलाबी. तिला वाटलं, विहिरीच्या वरच्या अंगाला रंगाचा कारखाना असणार. तिनं नमुना फनेलमध्ये घातला, वर पाण्यातलं औषध ओढून घेणारं सॉल्व्हंट घातलं, हलवलं. एरवी दोन थर वेगळे होतात. इथे सगळी साय झाली. तिनं मीठ घातलं, तासभर वाट पाहिली, काही फरक नाही. शेवटी बाईंना बोलावलं.

बाईंनी फनेल उजेडात धरलं, बूच काढून वास घेतला, पुन्हा घेतला.

“या विहिरीत,” त्या म्हणाल्या, “लसूण कोण टाकतं?”

दारात एलिस मामा उभे होते, हातात भाताचा डबा घेऊन.

*

एकदा मी आणि मामा दक्षिणेकडे नेगेवमध्ये मातीचे नमुने घेत होतो. शेतात सरळ रेषेत, दर वीस पावलांवर एक भोक पाडायचं, माती पिशवीत भरायची, खुणेला एक छोटी काठी रोवायची. लांबून हे कसं दिसत असेल, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. एक जीप आली. दोन सैनिक उतरले.

“काय करताय?”

माझ्याकडे लॅबचं पत्र होतं, ते गाडीत. मी आणायला वळलो तर मामा मदतीला धावले. त्यांना हिब्रूचे शंभरेक शब्द येत होते आणि त्यातला योग्य तो त्यांना नेमका सापडला.

“रआल,” मामा म्हणाले. म्हणजे विष.

“कुठे?”

मामांनी हात फिरवून सगळं शेत दाखवलं.

आम्हाला तीन तास एका तंबूत बसवलं. पाणी दिलं, बिस्किटं दिली, पण बाहेर सोडलं नाही. पत्र दाखवून उपयोग झाला नाही, त्यातही पहिल्याच ओळीत विष होतं. शेवटी त्यांच्या अधिकाऱ्यानं लॅबला फोन लावला. बाईंनी आमची नावं ऐकून घेतली. होय, ही माझीच माणसं, म्हणाल्या. अधिकारी फोन ठेवणार, तेवढ्यात त्यांनी थांबवलं. अधिकाऱ्यानं रिसीव्हरवर हात ठेवून आमच्याकडे बघितलं.

“ती विचारतेय, पिशव्यांवर खोली लिहिलीत का?”

मामांनी लिहिली नव्हती. आम्हाला पुन्हा पहिल्या भोकापासून सुरुवात करावी लागली. या वेळी सैनिकांनी काठ्या धरल्या.

*

आता बाईंचा किस्सा. नमुने तपासायच्या मशीनमधून कागदाची लांब पट्टी निघायची आणि जे काही सापडेल त्याची तिच्यावर टेकडी उमटायची. एका उन्हाळ्यात प्रत्येक पट्टीवर एक अनोळखी टेकडी यायला लागली. विहीर कुठलीही असो, टेकडी तीच. शुद्ध पाणी घालून पाहिलं, त्यातही आली. म्हणजे ती वस्तू आमच्याच लॅबमधली.

बाई पेटल्या. साबण बदलला, रबरी नळ्या बदलल्या, नायलॉनचा पडदा काढला. एलिस मामांना बिडीसकट अंगणापलीकडे पाठवलं. मग त्यांची नजर माझ्या डोक्यावर स्थिरावली.

“शिमशोन, केसांना काय लावतोस?”

“खोबरेल.”

“आजपासून बंद.”

माझी बायको मोझेल हिला हे अजिबात पटलं नाही. कोरडं डोकं घेऊन मी शनिवारी शब्बाथच्या प्रार्थनेला गेलो, तर लोक विचारायला लागले की घरात कोणी आजारी आहे का. महिना गेला. माझे केस उभे राहिले आणि टेकडीही उभीच राहिली.

पुढे बाई आठवडाभर कॉन्फरन्सला परदेशी गेल्या. त्या आठवड्यात टेकडी आली नाही. त्या परतल्या, टेकडी परतली. रूतीनं दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या आणि माझ्याकडे बघितलं. बाईंचे हात सॉल्व्हंटनं फाटायचे, त्यासाठी त्या एक क्रीम लावायच्या, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. सांगणार कोण? वयानं मोठा म्हणून रूतीनं मला पुढे ढकललं.

“डॉक्टर,” मी म्हटलं, “तुम्ही नव्हतात त्या आठवड्यात विहिरी फार स्वच्छ होत्या.”

त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग पर्स उघडली, क्रीमची ट्यूब काढली, नमुन्याच्या पिशवीत घातली, वर नंबर लिहिला आणि रूतीच्या हातात दिली. टेकडी त्या ट्यूबमधूनच निघाली.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर चिठ्ठी होती. हिब्रूत दोनच शब्द. ‘तेल लाव.’

*

ओफाकिमच्या बाजूला हनोख काका राहायचे. थोडी जमीन होती, टोमॅटो आणि वांगी लावायचे. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांना वाटलं, आम्ही फवारणीवाले. भारतात असताना त्यांच्या गावात मलेरियावाले यायचे, भिंतींवर औषध मारून जायचे, ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

“किती वर्षांनी आलात,” ते म्हणाले. “मागच्या खोलीपासून सुरू करा.”

मी त्यांना नीट समजावलं की आम्ही औषध मारत नाही, पूर्वी मारलेलं किती उरलंय ते बघतो. काकांना ते चमत्कारिक वाटलं. मारलेलं औषध कोणी परत मोजायला येतं का? तरी माती नेऊ दिली. जाताना खड्डे बुजवायला लावले आणि मी नीट बुजवतोय का ते उभं राहून पाहिलं.

दोन महिन्यांनी त्यांना रिपोर्ट गेला. शिक्का, सही, तक्ता. पुढच्या मोसमात आम्ही गेलो तेव्हा काकांनी तो काच लावून भिंतीवर टांगला होता. औषधविक्या आला की ते त्याला त्या भिंतीसमोर उभं करायचे.

“वाच. सरकारनं लिहून दिलंय. माझ्या मातीत पहिलंच औषध अजून शिल्लक आहे. ते संपल्याशिवाय नवीन घेणार नाही.”

हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

“मी शेतकऱ्यांपुढे इतकी भाषणं दिली,” त्या म्हणाल्या. “एकानंही फवारणी थांबवली नाही. तो रिपोर्ट चुकीचा वाचणारा एकच निघाला, आणि तोच बरोबर वागला.”

*

रेमा मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. अश्दोदच्या अलीकडे एका छोट्या वस्तीत राहायची. वस्तीचं पिण्याचं पाणी एका विहिरीतून यायचं. विहिरीवर पंप होता, पंपाची खोली मावशीच्या घराला लागून. विहिरीपलीकडे शेतीच्या औषधांचं एक जुनं गोदाम होतं, कधीच बंद पडलेलं. ती विहीर आमच्या यादीत होती, आणि दर खेपेला नमुना घेऊन झाला की मी मावशीकडे बसून चहा प्यायचो. गवती चहा घातलेला, दोन कप.

एका खेपेचा नमुना वाईट निघाला. थोडाथोडका नाही, टेकडी कागदाबाहेर गेली. रूतीनं मशीन तपासलं, पुन्हा केलं, तेच आलं.

बाईंचा नियम लॅबमध्ये सगळ्यांना पाठ होता. दुसरा नमुना घ्यायचा, तो जुळला की आरोग्य मंत्रालयाला कळवायचं, मंत्रालय लोकांना कळवेल. तोवर कोणाशी एक शब्द नाही. एकदा कोणीतरी आधीच बोललं होतं, आकडा चुकीचा निघाला आणि एका गावाची भाजी महिनाभर कोणी घेतली नव्हती. त्यामुळे नियम उगाच नव्हता. पण मावशीच्या शेजारच्या घरात तीन महिन्यांचं बाळ होतं आणि त्याचं दूध त्याच पाण्यात कालवलं जायचं. दोन रात्री मला झोप आली नाही.

दुसरा नमुना घ्यायला बाई स्वतः आल्या. बाटल्या भरल्या, गाडीत ठेवल्या. आम्ही निघणार, तर मावशी दारात.

“डॉक्टर आल्यात, आणि तशाच जाणार?”

आत बसलो. मावशीनं तीन कप आणले. मी कप हातात घेतला आणि खाली ठेवला. मावशी आपल्या गुडघ्याचं बोलत होती, बोलता बोलता थांबली.

“चहा सोडलास?”

“हो, मावशी.”

“डॉक्टरनं सांगितलं?”

“हो.”

“कुठल्या डॉक्टरनं?”

मी जमिनीकडे बघत राहिलो. बाईंना मराठीचा गंध नव्हता, पण ‘चहा’ आणि ‘डॉक्टर’ हे दोन शब्द त्यांना कळले असावेत. त्यांनी कप ओठांपर्यंत नेला होता. तो त्यांनी सावकाश बशीत ठेवला आणि बशी दोन बोटांनी पुढे सारली.

“आज मलाही नको,” त्या हिब्रूत म्हणाल्या.

मावशीनं त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग तिन्ही कप उचलून मोरीत ओतले, पदराला हात पुसले आणि पायात चप्पल न घालता शेजारच्या घरी गेली.

गाडी रस्त्याला लागली.

“शिमशोन,” बाई म्हणाल्या, “तू तिला काही सांगितलंस?”

“नाही, डॉक्टर.”

“छान. मीही नाही.”

दुसरा नमुना जुळला. मंत्रालयाचं पत्र निघायला सहा आठवडे लागले. ते घेऊन एक इन्स्पेक्टर पंपाला सील ठोकायला गेला, तर पंपाच्या खोलीला आधीच कुलूप. भलंमोठं, पितळी, मुंबईच्या ट्रंकेचं. विचारत विचारत तो मावशीच्या दाराशी पोचला.

“विहीर बंद करायची, हे तुम्हाला कोणी कळवलं?”

“कोणीच नाही,” मावशी म्हणाली. “बसा. चहा घेता का? पाणी टँकरचं आहे.”