पंच्याखालचं बोलणं

सर कुठल्याही इंग्रजी शब्दाचा अर्थ आधी सांगत नसत. "आधी त्याला गाव विचार," म्हणायचे. "गाव कळलं की माणूस निम्मा कळतो. शब्दाचंही तसंच."

नव्वदच्या दशकात मी द्राक्षं परदेशी पाठवायला लागलो, तेव्हा इंग्रजीसाठी त्यांच्याकडे गेलो. मी सातवी नापास. पण भाव करताना मला कुणी बनवलेलं नव्हतं. सर निवृत्त शिक्षक, पंचवटीत एका खोलीत एकटेच राहत. फी विचारली तर म्हणाले, "रोज संध्याकाळी ये. दोन कप चहा टाकायचं निमित्त होईल." आयुष्यात पहिल्यांदाच मी घासाघीस न करता कबूल झालो.

एकदा परदेशी ग्राहकाचं पत्र आलं. सात दिवसांत उत्तर आलं नाही, तर तुमची 'टॅसिट' संमती समजू. मी भडकलो. "न बोलता कसला होकार? लय शहाणे लागून गेले!"

"ओरडू नको, गाव विचार," सर म्हणाले. "लॅटिनचा आहे. 'टाकेरे' म्हणजे गप्प राहणं. 'टॅसिटर्न' याचा सख्खा भाऊ, स्वभावानेच अबोल. 'रेटिसंट' चुलत, बोलायचं ते आत ठेवणारा. हा मात्र गप्प राहून कबूल करतो. 'सायलेंट' म्हणजे फक्त आवाज नसणं. 'टॅसिट'ला समोर कुणीतरी असावं लागतं."

मला घोटीचा बैलबाजार आठवला. माझे वडील तिथे दलाल होते. भाव तोंडाने नाही, उपरण्याखाली हात घालून ठरायचा. जितकी बोटं धरली तितका आकडा. अंगठ्यासकट अख्खा पंजा धरला की सौदा पक्का. हे सांगताच सरांनी खांद्यावरचा पंचा माझ्या हातावर टाकला. "शिकव." पोरासारखे हसत होते. शिकून झालं तरी त्यांनी हात सोडला नाही. "नाडी बघणारा डॉक्टर सोडला, तर कित्येक वर्षांत कुणी हात धरला नाही रे," म्हणाले, आणि चहा टाकायला उठले.

पुढे मी गंगापूर रोडला बंगला बांधला. खालची एक खोली सरांसाठी काढली. म्हटलं, "आता इथं एकटं राहायचं नाही. माझ्याकडे चला. उद्या सांगा."

दुसऱ्या दिवशी गेलो, तर सर बोलेनात. त्यांनी पंचा काढला, माझा हात झाकला. एक बोट धरलं. मग दुसरं, तिसरं. हात सावकाश सरकत होता. चौथ्या बोटाशी येऊन थांबला, आणि माझं डोकं तापलं. मी घर देतोय आणि हे आकडा सांगतायत?

"सर, मी बाजारात आलो नाही! तोंडानं बोला ना!" मी हात हिसकावून घेतला.

सरांनी पंचा परत खांद्यावर टाकला. मीही पुढे बोललो नाही. सौद्यात आधी तोंड उघडलं की नमलो, हे माझं शिक्षण. उठून आलो. त्यांनी आधी बोलावं म्हणून दोन वर्षं थांबलो.

मग ते गेल्याचाच निरोप आला. मी खोलीवर गेलो. मालकीणबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे राहायला येणार होते ना? त्या दिवशी सकाळीच मला म्हणाले, खोली सोडतो. पेटीसुद्धा बांधली होती. तुम्ही येऊन गेलात आणि संध्याकाळी पेटी उघडून सामान परत लावलं. मी विचारलं, काय झालं हो? तर म्हणाले, काही नाही, माझीच बोटं हळू चालतात."

माझा राग अजून गेलेला नाही. एक 'हो' म्हणायला काय लागतं? खालच्या त्या खोलीत बसून मी त्यांना हे मोठ्या आवाजात विचारतो. पंचा मी मागून आणलाय. कधी तो हातावर टाकून बसतो. चार बोटांपर्यंतचं सगळं आठवतं. अंगठा तेवढा गार लागतो.