एक्केचाळीस एक्केचाळीस

दादाला आयुष्यात एकच गोष्ट फुकट मिळाली, ती म्हणजे नाव. धाकटा भाऊ जन्मला आणि हा एवढासा पोरगा एका दिवसात दादा झाला. कागदावरचं नाव शाळेच्या दाखल्यात राहिलं ते राहिलंच. आई दादा म्हणायची, वडील दादा म्हणायचे, शेजारपाजार दादा म्हणायचा. लग्न झाल्यावर बायकोसुद्धा एकदा चारचौघांत "अहो दादा" म्हणून बसली आणि जीभ चावून आत पळाली. त्यावरून घरात अजून हसतात.

धंदा नंबरप्लेटचा. वाहन कचेरीच्या फाटकाला लागून पत्र्याची टपरी, पुढे एक बाकडं, आत ड्रिल, पत्रा कापायची कात्री आणि रिबिटांचे डबे. पूर्वी तो ब्रशने नंबर काढायचा. काय हात होता म्हणून सांगू! तेव्हा साधा नंबर कुणाला नकोच असायचा. इंग्रजी चार जरा वळवला की त्याचा द होतो, पुढचा एक म्हणजे काना. 4141 आला की झाला 'दादा'. असला पहिला नंबर त्याने एका ट्रकवर काढला तेव्हा धाकटा शेजारी रंगाचा डबा धरून उकिडवा बसला होता. "दादा, अरे हे तर तुझं नाव!" म्हणून तो असा किंचाळला की डबाच कलंडला. दादाने त्याला एक टपली दिली, पण मनातून स्वारी खूश होती.

पुढे सरकारने ही चित्रकला बंद केली. आता प्लेट साच्यातून तयार होऊन येते, सगळे आकडे एका मापाचे, एका तोंडवळ्याचे. दादाने फक्त ती गाडीला रिबिटने बसवायची. ही रिबिट एकदा बसली की निघत नाही, काढायची तर तोडावी लागते. जुनी प्लेट कात्रीने कापून कचेरीत जमा करायची, कुणी ती दुसऱ्या गाडीला लावू नये म्हणून. ब्रश खणात पडले ते पडलेच, पण दादाने कुरकुर केली नाही. कुरकुर करायला त्याच्याकडे दुसरा विषय होता, परक्या पाटीच्या गाड्या.

राज्याची हद्द तिथून तासाभरावर. पलीकडे गाडीचा टॅक्स कमी, अलीकडे जवळजवळ दीडपट. त्यामुळे गावातली निम्मी हुशार मंडळी कुठल्या तरी लांबच्या मामेभावाचा पत्ता दाखवून गाडी पलीकडे नोंदवायची आणि आयुष्यभर अलीकडे पळवायची. तशी गाडी दिसली की दादाचं डोकं सणकायचं. "रस्ता आमचा झिजवायचा आणि पैसे तिकडे भरायचे! वा रे वा!" असं तो बाकड्यावर बसलेल्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. जसा काही तो रस्ता याच्या तीर्थरूपांनीच बांधला होता.

आणि एके दिवशी तसल्याच परक्या पाटीची निळी गाडी थेट त्याच्या दारात येऊन उभी राहिली. आतून उतरला त्याचा सख्खा भाऊ.

धाकटा नोकरीसाठी हद्दीपलीकडच्या मोठ्या शहरात गेला होता. बरीच वर्षं तिकडे एकटा राहिला, आता बदली होऊन परत आला होता. दोन गल्ल्या सोडून त्याने जागाही घेतली. गाडी चांगली होती, रंग चांगला होता, ते सगळं दादाने गिळलं असतं. पण पुढे जाऊन त्याने सवयीने नंबर वाचला आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. 4141.

आकडे साच्यातले, सरळसोट, कुठे काही वळवलेलं नाही. पण आपल्याकडच्या माणसाला 4141 दिसला की डोळा आपोआप 'दादा'च वाचतो, त्याला काय करणार? पंधरवड्यात गल्लीने धाकट्याला दादा करून टाकलं. वॉचमन फाटक उघडताना म्हणायचा, "या दादा." कोपऱ्यावरचा न्हावी दुकानातून हाक मारायचा, "दादा, आज दाढी?" आपला दादा सवयीने वळून बघायचा, तर न्हावी त्याच्या खांद्यावरून मागच्या निळ्या गाडीकडे बघत असायचा. वर्मी घाव घातला तो नव्या दूधवाल्याने. दारात उभा राहून खुद्द दादाला त्याने विचारलं, "तुम्ही दादांचे भाऊ ना?"

दादांचे भाऊ! जन्मभर जपलेली एकुलती एक गोष्ट, आणि तीही पोराने पसंतीच्या नंबराचे जादा पैसे मोजून विकत घेतली. शिक्षण त्याचं जास्त, पगार त्याचा जास्त, डोक्यावर केसही अजून जास्त. ते सगळं दादाने पोटात घातलं होतं, कारण हाक आपल्याकडे होती. आता ती हाकही गेली, तर मग आपण या घरात नक्की कोण? हा प्रश्न त्याला जेवताना पडायचा, आंघोळ करताना पडायचा, दुसऱ्याच्या गाडीला रिबिट मारताना तर हमखास पडायचा. सरळ सांगायचं तर दादा जळत होता.

आई दादाकडेच राहायची. तिला गुडघ्यांच्या व्यायामाला रोज न्यावं लागे. आधी दादा तिला स्कूटरवर कसाबसा बसवून न्यायचा, आता धाकटा कामावर जाता जाता गाडीतून सोडायचा. आई पुढच्या सीटवर बसून जायची आणि परत आली की सुरू व्हायची, "काय गाडी आहे रे! पाय कसे लांब करता येतात. खड्डा आला तरी कळत नाही." दादा मान खाली घालून पेपर वाचायचा. धाकटा किती वेळा म्हणाला, "चल की दादा, चक्कर मारू." पण वर्षभरात हा एकदाही त्या गाडीत बसला नाही. "मला गाडी लागते," म्हणाला. जन्म गाड्यांमध्ये गेलेल्या माणसाला गाडी लागते!

बायको काय दूधखुळी नव्हती. एकदा ताट वाढता वाढता नाक वर करून म्हणाली, "कुठे काही जळतंय का हो? मघापासून वास येतोय."

"गॅस बघ," दादा म्हणाला.

"गॅस बंद आहे. म्हणून तर विचारते."

दादा जेवला आणि ताट जरा जोरातच आपटलं.

कचेरीच्या मागच्या खोलीत कॅमेरेवाला बसायचा. हद्दीवरच्या नाक्यापासून गावातल्या पुलापर्यंत जागोजाग कॅमेरे होते. येणारीजाणारी प्रत्येक पाटी ते वाचून ठेवायचे आणि कोणती गाडी कधी आली, कधी गेली ते त्याच्या पडद्यावर दिसायचं. परक्या राज्यातली गाडी वर्षाच्या वर इथे राहिली तर तिने इथला टॅक्स भरायचा, इथला नंबर घ्यायचा, असा नियम. दादा त्याच्यासाठी चहा घेऊन गेला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "एक नंबर बघतोस का रे? निळी गाडी आहे."

कॅमेरेवाल्याने आकडे टाकले आणि हसला. "दादा, ही तर तुमच्याच नावाची गाडी!"

"बघ म्हटलं तर बघ ना. तोंड कशाला चालवतोस?"

"आलेली दिसते. परत गेलेली दिसत नाही. वर्ष उलटून गेलं की हो!"

दादाला इतका आनंद झाला की स्वतःचा चहा तसाच ठेवून तो बाहेर आला. त्या दिवशी त्याने दोन गिऱ्हाइकांना सूटही दिली. मग दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब पान चघळत टपरीशी थांबले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, सकाळी पुलाखालून एक निळी गाडी जाते बघा. पलीकडची पाटी. वर्षाच्या वर इथेच आहे. नियम सगळ्यांना सारखा ना?" साहेब म्हणाले, "सारखाच." झालं. दादाने स्वतःची समजूत घातली की आपण चुगली केलेली नाही, कायद्याला हातभार लावला आहे. माणूस मनाला काय वाटेल ते पटवू शकतो.

साहेबांनी गाडी अडवली तेव्हा आई आत होती. दंड झाला. गाडी इथे नोंदवेपर्यंत रस्त्यावर आणायची नाही, असं बजावलं. मग पलीकडच्या कचेरीचा ना हरकत दाखला आणा, इथला टॅक्स भरा, तिकडच्या टॅक्सातला उरलेला भाग परत मागा, तो मिळेल तेव्हा मिळेल. धाकट्याच्या कामावर खाडे पडले. गाडी कापडाखाली झाकून उभी राहिली आणि वॉचमन पुन्हा धाकट्याला नुसतं "साहेब" म्हणू लागला. आई दादाच्या स्कूटरवर बसायला गेली तर आता तिचा गुडघा वाकेना. ती व्यायामाला जायची बंद झाली. दादाच्या मनाला ते लागलं, नाही असं नाही. पण न्हाव्याने दुकानातून "दादा!" हाक मारली, वळून बघितलं तर मागे कुणी नव्हतं, हाक त्यालाच होती, आणि तो ते लागणं विसरून गेला.

अखेर कागद झाले. नवा नंबर मिळाला, 7306. कसाही वळवला तरी त्यातून कुणाचं नाव होईना. गाडी अर्थातच दादाच्या टपरीवर आली. दुसऱ्या कुणाकडे जाणार? आई आतच बसली होती, परस्पर व्यायामाला जायचं होतं.

दादाने छिन्नी लावली आणि जुन्या रिबिटा एकेक करून तोडल्या. असं काम त्याने कित्येक दिवसांत एवढ्या मन लावून केलं नव्हतं. प्लेट हातात घेतली, कात्री उघडली, आणि बरोबर मधोमध, एक्केचाळीस आणि एक्केचाळीसच्या मध्ये, करकन कापली. दोन तुकडे बाकड्यावर पडले.

धाकट्याने एक तुकडा उचलला. "दादा, एवढा मी ठेवू?"

"नाही. कचेरीत जमा करावे लागतात."

"एकच दे रे."

"वर्षभर टॅक्स वाचवलास तेवढा पुरे झाला की."

धाकटा हसला. "टॅक्स? अरे, टॅक्स मी बदली झाली त्याच महिन्यात भरायला निघालो होतो. पण इथे भरला की इथला नंबर घ्यावा लागतो. हा जातो. म्हणून आज-उद्या करत राहिलो."

"मग इथे पण हाच मागायचा!"

"विचारलं ना खिडकीवर. इथे त्याला जवळजवळ गाडीएवढी किंमत. आणि तोही बाजारातल्या त्या हप्ते गोळा करणाऱ्या खऱ्या दादाने केव्हाच उचललाय."

"बरोबर आहे," दादा म्हणाला. त्याच्या तोंडून इतक्या दिवसांचं साचलेलं बाहेर आलंच. "दादागिरी करायची तर असलाच नंबर लागतो."

"कसली दादागिरी?" धाकट्याला खरंच कळलं नाही. "अरे, गाडी घेतली ती तिकडे. तिकडे आपलं अक्षर कोण वाचतंय? तिथे तो नुसता एक्केचाळीस एक्केचाळीस. शोरूमवाला तर मला वेड्यात काढायला निघाला होता. म्हणे, ह्या नंबरसाठी वर पैसे कशाला घालता, ह्यात आहे काय?" तो तुकड्यावरून अंगठा फिरवत होता. "त्या गावात मला नावाने हाक मारणारंसुद्धा कुणी नव्हतं. सकाळी खाली उतरलो की गाडी दिसायची. वाटायचं, चला, दादा खाली उभा आहे. तुला हसू येईल, पण बरं वाटायचं."

दादाला हसू आलं नाही. तो खाली बसला आणि नवी प्लेट भोकांवर लावू लागला. भोक जुळेना. त्याने पुन्हा लावली, पुन्हा सरकली. जन्मभर ज्या हातांनी प्लेटा बसवल्या त्यांना आज चार भोकं सापडेनात. त्या सगळ्या गावात जे एकालाही वाचता येत नव्हतं ते त्याच्या भावाने पैसे घालून घेतलं होतं, एकट्याने वाचायला. आणि आपण ते कात्रीने कापलं.

"ठेव तो," तो म्हणाला. "दोन्ही ठेव. जमा करायचं मी बघतो."

धाकट्याने तुकडे खिशात टाकले. मग त्याच्या शेजारी उकिडवा बसला, लहानपणी रंगाचा डबा धरून बसायचा तसा, आणि प्लेटची एक बाजू धरली. भोकं जुळली.

"एक सांग," तो म्हणाला. "साहेब बोलता बोलता बोलून गेले की कुणीतरी मुद्दाम खबर दिली. तुझी तर इथे सगळ्यांशी ओळख आहे. कळलं का तुला, कुणी ते?"

दादाने पहिली रिबिट बसवली. दुसरी बसवली. मग मान वर न करता म्हणाला, "दादाने."

धाकटा हसला. "बाजारातल्या? त्याचं मी काय वाकडं केलंय?"

तिसरी रिबिट त्याच्या हातातून निसटून मातीत पडली आणि ती शोधायलाही तो वाकला नाही. धाकटा आधी हसत होता, मग नुसता बघत राहिला, आणि मग त्याने प्लेट धरलेला हात हळूच काढून घेतला.

गाडीतून आईने काच खाली केली. "दादा, झालं का रे?"

दोघांपैकी कुणीच ओ दिली नाही.