लहानूभाऊच्या रक्तातली साखर

माझा भाऊ लहानू दारूच्या थेंबाला कधी शिवला नाही, आणि वडशापासून चामोर्शीपर्यंत लोक त्याला ओळखायचे ते बेवडा म्हणून. वडशाच्या एका नाटक कंपनीत तो काम करायचा. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरली, बैलांच्या शर्यतीचा पट लागला की रात्रभराचं नाटक हवंच, आणि नाटक कुठलंही असो, त्यात लहानूभाऊसाठी एक दारुड्या असायचाच. नायिकेचा बाप, नाही तर पाटलाचा गडी, नाही तर नुसताच वाटेवरचा कोणी. तो मंचावर आला की आयाबाया झोपलेली पोरं हलवून उठवायच्या.

मी एकदा त्याला विचारलं होतं, न पिता हे जमतं कसं. म्हणाला, "पेलेला मानूस झोकांड्या खाऊन नाई राह्यत, बायना. तो सरळ चालाले पाह्यते. मी तेवढंच करतो."

आमच्या बापाने छप्पन साली चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. घरात पंचशील रोज म्हटलं जायचं, आणि त्यातलं पाचवं, नशापाणी न करण्याचं, बाप आमच्याकडून जरा मोठ्याने म्हणवून घ्यायचा. माझी वहिनी गिरजा तर त्या बाबतीत बापाच्याही वरताण. तिचा बाप दारूत गेला, आणि त्याच्याआधी तिची आई त्याचा मार खाऊन खाऊन गेली. सोयरीक जुळताना तिने लहानूभाऊकडून बुद्धमूर्तीसमोर वचन घेतलं, मगच लग्नाला उभी राहिली. भावाने ते वचन जिवापाड सांभाळलं. हे मी बहीण म्हणून सांगत नाही, त्याच्या कंपनीतल्या कोणालाही ते ठाऊक होतं, आणि मला राग आहे तो याचाच.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात चामोर्शीजवळ माझ्या सासरच्या गावी पट भरला आणि भावाची कंपनी आली. मुक्काम शाळेत होता. संध्याकाळी मी डबा घेऊन गेले, तर हा तोंडाला रंग लावून बसलेला. भाजीच्या फोडणीचा वास येताच त्याने मान फिरवली.

"जेवन जाऊन नाई राह्यलं," म्हणाला.

शेजारी पत्रू होता. पत्रू आमच्याच गावचा, लहानपणापासून भावाच्या ताटात जेवलेला. नाटकात तो हवालदार व्हायचा आणि या बेवड्याला पकडायचा. तो म्हणाला, "फिरून फिरून पोट बिघडलं हाय, बायनाबाई. तुमी घोर नोका करू." मी घोर केला नाही. भावाचे डोळे पिवळसर दिसले, पण ते मला जागरणाचे वाटले.

नाटक संपत आलं तेव्हा उजाडलं होतं. शेवटच्या अंकात लहानूभाऊ आला आणि सरळ चालायचं सोडून खरोखरच्या झोकांड्या खाऊ लागला. लोक खूश झाले. तो नायिकेला आई म्हणाला. पडद्याची दोरी तोंडात घेऊन चावू लागला. थंडीने आम्ही घोंगड्या पांघरून बसलो होतो आणि त्याच्या अंगातून घाम असा निथळत होता की गालांवरचा रंग ओघळून सदऱ्यावर आला. पत्रूने धरायला हात पुढे केला, तर त्याने पत्रूची कॉलर पकडली ती सोडेना. मग तो पडला. पडदा ओढला गेला. बाहेर शिट्ट्या थांबत नव्हत्या, एवढं सुंदर काम त्याने आजवर केलं नव्हतं म्हणे.

मी धावत मागे गेले. कंपनीचे मालक गुणवंतराव कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांनी पत्रूला विचारलं, "तू याच्यासंगं राह्यते. हा पेला काय?"

पत्रूने खाली पाहिलं. "पेला असन," म्हणाला.

मी वाकून भावाच्या तोंडाचा वास घेतला. दारूचा वास नव्हता. मी तसं सांगितलंही, पण बहिणीच्या बोलण्याला तिथे कोण विचारतो. पुढच्या गावचा खेळ होता. त्यांनी पेट्या ट्रकमध्ये चढवल्या आणि भावाला शाळेच्या ओसरीवर तसाच टाकून ते निघून गेले. पत्रूही गेला. माझ्या नवऱ्याने, श्रीहरीने, एका ठेकेदाराची जीप मागून आणली आणि आम्ही चंद्रपूरचा रस्ता धरला. पटाला आलेली माणसं मात्र आपापल्या गावी बातमी घेऊन पोचली. आम्ही दवाखान्याची पायरी चढण्याआधी वडशात सगळ्यांना कळलं होतं की लहानू पिऊन पडला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ओल्या कापसाने त्याचा रंग पुसला. खाली कातडी हळद लावल्यासारखी पिवळी. त्यांनीही पहिल्यांदा हेच विचारलं, किती वर्षांपासून पितो. मी म्हटलं, कधीच नाही. त्यांनी तपासणीला रक्त काढलं, आणि सुई काढली तरी त्या बारीक भोकातून रक्त झिरपतच राहिलं. मग एक मोठी पिचकारी भरून ग्लुकोज शिरेत सोडलं. पिचकारी रिकामी व्हायच्या आत भावाने डोळे उघडले.

"पडदा पडला काय?" त्याने विचारलं.

नंतर बाईंनी मला बसवून समजावलं. ही साधी कावीळ नव्हे. खराब पाण्यातून विषाणू जातो, बहुतेकांना थोडं पिवळं करून सोडतो, पण एखाद्याचं लिव्हर पार झोडपून टाकतो. आपण जेवत नाही तेव्हा लिव्हर आपली साठवलेली साखर रक्तात सोडत राहतं. याची कणगी रिकामी झाली होती, नवी साखर करायचीही ताकद उरली नव्हती, आणि हा उपाशीपोटी रात्रभर नाचत होता. रक्तातली साखर संपली की मेंदूला खायला काही उरत नाही. मग माणूस बरळतो, झोकांड्या खातो, मारायला धावतो, अगदी प्यालेल्यासारखा. रक्त गोठवणारं द्रव्यसुद्धा लिव्हरच बनवतं, म्हणून सुईची जागा थांबत नव्हती. "वेळेवर आणलंत," त्या म्हणाल्या. मला पत्रूचं ते "पेला असन" आठवलं आणि माझं अंग पेटलं.

गिरजा आली ती बातमी ऐकूनच. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. लहानूभाऊ हळूच म्हणाला, "मी घेतली नाई, गिरजे." डॉक्टरीणबाईंनी तिलाही सगळं समजावलं. तिने मान हलवली, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, "साखर कमी झाली तं मानूस थकन, झोपन. नशा कशी चढन, बायनाबाई?"

सेवा मात्र तिने केली, त्यात मी तिला नाव ठेवणार नाही. सलाईन सुरू असताना साखर पुन्हा उतरायची, भाऊ पुन्हा बरळायचा, तेव्हा ती त्याचं डोकं मांडीवर धरून बसायची. चमच्याचमच्याने उसाचा रस पाजायची. तो त्यातून वाचला, पुष्कळसं तिच्यामुळे वाचला. पण घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता दारूला जन्मात हात लावायचा नाही." काविळीच्या प्रत्येक रोग्याला त्या हेच सांगत, मी स्वतः ऐकलं होतं. गिरजाने तेवढंच उचललं. "डॉक्टर उगीच म्हनन काय?" म्हणाली. लहानूभाऊचा चेहरा तेव्हा असा पडला की मला बघवेना.

भाऊ घरी हिंडूफिरू लागला तेव्हा पत्रू संत्री घेऊन आला. मी माहेरी आले होते, गिरजा पाण्याला गेली होती. बसल्या बसल्या त्याने सगळं ओकून टाकलं. भावाची लघवी कोऱ्या चहासारखी होत होती, हे त्याला केव्हापासून ठाऊक होतं. कोणाला सांगू नको, डोळ्यांखाली रंग जरा जास्त लाव, ही अक्कलही त्याचीच. "कावीळ हाय म्हनून कळलं असतं तं कंपनीले कोन्या गावानं पानी देलं असतं? साऱ्या तारखा गेल्या असत्या. पेलेल्याले लोक माफ करते, भाऊ. रोगाच्या मानसाले गावात पाय ठेवू देत नाई."

केसाने गळा कापायचा आणि वर संत्री सोलून द्यायची. मी त्याला हाकलणारच होते. लहानूभाऊ म्हणाला, "हे गिरजाले सांग."

त्याने सांगितलं. गिरजा म्हणाली, "दोस्त दोस्ताची बाजू घेनारच."

पुढच्या हंगामात गुणवंतराव दारात आले. लोक विचारत होते म्हणे, त्या दिवशी खरंच पिऊन आलेला तो बेवडा कुठे आहे, तोच आणा. लहानूभाऊने एकच अट घातली. पडद्यामागे खोटं बोलला, आता पडद्यापुढे येऊन पत्रूने खरं बोलावं, मंचावरून, चार लोकांसमोर. चार लोक ऐकतील तेव्हा गिरजाही ऐकेल, असा त्याचा हिशेब. पत्रू कबूल झाला. आणि मी सांगते, तो मनापासून कबूल झाला होता.

खेळ वडशालाच होता. भावाने गिरजाला आणि मला पुढे बसवलं. पडदा उघडायच्या आधी पत्रू हवालदाराच्या कपड्यांत पुढे आला.

"मायबापहो," तो म्हणाला, "मागच्या साली लहानू पेला नोहता. मी खोटं बोललो. त्याच्या रक्तातली साखर कमी झाली होती."

मंडपात हशा फुटला. मागून कोणी ओरडलं, "कोन्या दुकानातली साखर, हवालदार?" पुन्हा हशा. पत्रू गडबडला. "खरंच सांगून राह्यलो," म्हणाला, त्यावर तर लोक लोळू लागले. मी त्याचं तोंड बघत होते. क्षणभर त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मग त्या हशाने त्याला ओढलंच. त्याने मिशीला पीळ दिला, अंगठा तोंडाशी नेला आणि डोळा मारला. मंडप डोक्यावर घेतला लोकांनी.

माझ्या शेजारी गिरजा पदर तोंडाशी धरून हसत होती.

विंगेत लहानूभाऊ उभा होता. तो पत्रूकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. त्याची वेळ आली तेव्हा मंच रिकामाच राहिला. तोंडाचा रंग तसाच घेऊन तो मागच्या मागे घरी निघून गेला होता.

घरी गेल्यावर मी गिरजाला त्याच्यासमोर विचारलं, काऊन हसली म्हणून.

"सारेच हासत होते," ती म्हणाली. मग त्याच्या पायांशी पाण्याचा तांब्या ठेवून, अगदी मायेने, "आन् हासता हासता मनातलं सारं निघून गेलं, बायनाबाई. मी माफ केलं त्यायले. एकदा घेतली जाते मानसाच्या हातून."

लहानूभाऊने तांब्या घेतला, तोंड धुतलं. तो राइस मिलवर कामाला लागला, मंचावर परत गेला नाही, आणि आपण प्यायलो नव्हतो हे त्याने पुन्हा कोणालाही सांगितलं नाही.