तांब्याच्या आरशातले पाच दाणे

मी चौथी नापास आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणी विचारायला नको. पण तांबं मला कळतं. आम्ही भोकरदनचे तांबट. माझ्या बापानं ठोकून मठारलेल्या हंड्यांत त्या भागातली माणसं अजून आंघोळीचं पाणी तापवतेत. स्टीलची भांडी आली, आमची ठोकाठोक बंद पडली आणि मी जालन्याला औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात लागलो. मालक मुसलमान होते, घरात उर्दू, कामात लई चोख. मी त्यांना चाचा म्हणायचो, ते मला मिस्त्री. वीस वर्षं एकमेकाला दुसऱ्या नावानं हाक मारली न्हाई.

नव्वदच्या आसपास एक साहेब रेल्वेनं आल्ते. हातात नकाशाची गुंडाळी आणि पिशवीत तांब्याची एक गोल जाड चकती. जेवायच्या ताटलीएवढी, आतून पोकळ. एका बाजूनं पाणी आत जायचं, बारीक वाटांनी फिरून दुसऱ्या तोंडातून बाहेर यायचं. वरचं तोंड आरशासारखं सपाट पाहिजे. दोन मोठ्या कारखान्यांनी करून दिल्ती, दोन्ही गळत होत्या. चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी नकाशाला हात लावला न्हाई. चकती घेतली, नखानं वाजवली आणि म्हणालो, "सांध्याची झाळ कच्ची आहे. बसवणाऱ्याला घाई झाल्ती." साहेब हसले. काम आम्हाला मिळालं.

कशासाठी आहे ते सांगितलं न्हाई. सरकारी आहे, बाहेर बोलायचं न्हाई, एवढंच. काम संपत आलं तेव्हा साहेबांच्या खालची एक इंजिनीअर पोरगी देखरेखीला तीन आठवडे जालन्यात राहिली. वऱ्हाडातली, पंचविशीची असंल. लॉजवरचं जेवण तिला बाधलं, तर आमची बायको म्हणाली, घरी घेऊन या. मंग ती रोज दुपारी आमच्याकडं जेवायला. आम्हाला दोन पोरं, पोरगी न्हाई. बायको पहिल्या दिवशी तिला मॅडम म्हणाली, चौथ्या दिवशी पोरी म्हणायला लागली, आणि भाकरी गरम असली तरच ताटात घालायची.

एक दिवस पोरीनं पिशवीतून लोखंडाचा एक तुकडा काढला. बोटाएवढी जाड पाटी, मधोमध भोक. भोकाच्या कडा गुळाच्या पाकासारख्या वितळून खाली ओघळलेल्या. मी म्हणालो, गॅसनं पाडलं का? ती म्हणाली, न्हाई काका, उजेडानं. कोणता उजेड, म्हणालो. तर म्हणे, डोळ्याला दिसत न्हाई असला.

मंग तिनं थोडं सांगितलं, थोडं ठेवून घेतलं. असा उजेड एका यंत्रात तयार करायचा, आमच्या चकतीसारख्या आरशांवरून वळवायचा आणि लांब सोडायचा. जिथं पडंल तिथलं लोखंड वितळतं. आवाज न्हाई, धूर न्हाई, गोळा न्हाई. आधी ते यंत्र एका मोठ्या हॉलएवढं होतं. आता ते मिलिटरीच्या गाडीत बसवायचं होतं, म्हणून सगळं लहान करत आणलेलं. आरसे लहान, आणि त्यांच्या पोटातल्या पाण्याच्या वाटा आगकाडीएवढ्या. तो उजेड आरशावर पडला की आरसाच तापणार, म्हणून पोटातून सारखं पाणी पाहिजे. पापणी लवेपर्यंत पाणी कमी पडलं तर आरसा फुटायचा, आणि उजेड फुटलेल्या तोंडावरून कुठं बी जायचा.

"मंग जवळच्या माणसाचं काय?" मी विचारलं.

"डोळे जातील आधी. चष्मे असतात आम्हाला, पण ते किती पुरणार?" असं म्हणून तिनं अर्धी भाकरी अजून मागितली.

माझा जन्म भट्टीपुढं गेलेला. अंगावर डागाचे वण मोजायला बसलो तर दुपार जाईल. पण भट्टी दिसते. तिची धग दोन हातांवरून कळते, माणूस हात मागं घेतो. जे दिसतच न्हाई त्याच्यापुढून हात मागं कसा घ्यायचा? त्या दिवसापासून मला त्या आरशाची भीती बसली. आरशाचं तोंड बिडाच्या ठोकळ्यावर घासताना मी त्यात माझाच डोळा बघायचो, आणि नजर काढून घ्यायचो.

आरसा झाला. चांदीची झाळ मी स्वतः दिली. दाबानं पाणी सोडून एक अख्खा दिवस ठेवला, थेंब गळला न्हाई. पोरगी तो घेऊन जाणार त्या सकाळी मी तो कोरडा केला, पाण्याच्या दोन्ही तोंडांना रबरी बुचं लावायला घेतली आणि माझा हात थांबला.

आमच्यात रिकामं भांडं गिऱ्हाइकाच्या हाती देत न्हाईत. हंडा असो, घागर असो, तळाशी हळद लावलेल्या तांदळाचे पाच दाणे टाकून द्यायचे. घेणारा घरी गेला की आधी भांड्यात हात घालतो, दाणे काढून देवापुढं ठेवतो, मंगच पाणी भरतो. भोकरदनपासून केदारखेड्यापर्यंत हे कोणाला सांगावं लागत न्हाई. कारखान्यात आल्यापासून मी ते सोडून दिल्तं, कारण लोखंडी फ्लँजला कोण भांडं म्हणंल? पण हे तांबं होतं, पोकळ होतं, पाणी धरणारं होतं. आणि ही पोरगी त्याच्याजवळ उभी राहणार होती. भ्यालेला माणूस हाताशी असंल ते करतो. मी माझ्या खणातली पुडी उघडली आणि पाच दाणे आत सोडले. तोंडाच्या आत अंगठ्याएवढी खोलगट जागा होती, बारीक वाटा तिच्या पुढं सुरू होत होत्या. दाणे तिथंच बसतील, बूच काढलं की दिसतील, काढून घेतील. मला हे इतकं सरळ वाटलं की मी तिला सांगितलं बी न्हाई. बूच दाबून बसवलं, वरून तार आवळली.

तीन आठवड्यांनी साहेब सकाळच्या गाडीनं एकटेच आले, दुसऱ्या आरशाचं काम बघायला. लई खूश होते. चाचांच्या केबिनमध्ये मला बसवून चहा पाजला. म्हणाले, मिस्त्री, आतापर्यंतचे आरसे यायचे त्यांच्यात कचरा सापडायचा, तुमची बुचं बघून आमच्या लोकांनी आत डोकावून बघणंच सोडलं. धूळ जाऊ नये म्हणून बूच काढलं की त्याच मिनिटाला पाइप जोडतो. आरसा गाडीवर चढलाय. रोज थोडं थोडं चालवून बघितलं, आज दुपारी चारला पहिल्यांदा पूर्ण ताकदीनं चालवणार. तुमच्याकडं जेवायला यायची ती मॅडमच आरशापाशी उभी आहे.

कपातला चहा मी बशीत ओतला, बशी तशीच खाली ठेवली.

आत डोकावून बघणंच सोडलं. म्हणजे दाणे आतच. म्हणजे रेल्वेत दोन दिवस हिसके खाऊन ते खोलगट जागेतून उठले असतील, आणि पाण्यानं त्यांना रेटून त्या आगकाडीएवढ्या वाटांत घातलं असंल.

तेव्हाच तोंड उघडायला पाहिजे होतं. न्हाई उघडलं. दोन मोठ्या कारखान्यांना जे जमलं न्हाई ते मी केलं, असं साहेब आत्ताच म्हणाले होते. त्यांच्यापुढं कसं म्हणू, मी तुमच्या यंत्रात तांदूळ टाकले? मी उठलो आणि लेथवर गेलो. एक साधी बुशिंग करायला घेतली, ती सुताभरानं जास्त कापली गेली. दुसरी घेतली, ती बी गेली. मनाला सांगत होतो, तांदूळ शिजून विरघळला असंल. लगेच दुसरं मन म्हणायचं, विरघळला न्हाई तर? डोळ्यापुढं पोरगी भाकरी मोडताना दिसायची, आणि तिचे डोळे मला नीट आठवायचेच न्हाईत. कसले होते, काळे का घारे, काही केल्या आठवंना. त्यानं मी जास्त भ्यालो.

साहेब जेवून रिक्षानं स्टेशनकडं गेले. त्यांची गाडी अडीचची. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले तेव्हा मी चाचांपुढं जाऊन उभा राहिलो आणि जे होतं ते सांगितलं.

"चावल?" चाचा म्हणाले. "मिस्त्री, तुम समझदार आदमी. चावल कायको डाले?"

"आमच्यात टाकतेत."

वाटलं, हसतील न्हाई तर ओरडतील. त्यांनी दोन्ही केलं न्हाई. टोपी डोक्यावर घातली, स्कूटरची चावी घेतली आणि म्हणाले, "चलो जल्दी."

साहेब फलाटावर बाकावर पेपर वाचत बसले होते. मी समोर उभा राहिलो आणि सांगितलं, साहेब, त्या आरशाच्या पोटात मी तांदळाचे दाणे टाकलेत. त्यांनी आधी चाचांकडं बघितलं, ही काय गंमत आहे म्हणून. चाचांचं तोंड बघितलं आणि पेपर खाली ठेवला.

"किती?"

"पाच."

स्टेशनाबाहेर एक एसटीडी बूथ होता. साहेब आत, आम्ही दोघं दारात. नंबर फिरवला, लागला न्हाई. परत फिरवला, लाइन बिझी. बूथवाला म्हणाला, दुपारी असंच राह्यतंय, सारखं फिरवत राहा. अडीचची गाडी आली आणि निघून गेली. कोणी तिच्याकडं बघितलं न्हाई. तीन वाजले. मी पायरीवर उकिडवा बसलो. आयुष्यात देवाकडं कधी गयावया केली न्हाई, मला ते जमत न्हाई. त्या पायरीवर बी केली न्हाई. फक्त साहेबांचं बोट डायलमध्ये फिरायचं ते बघत होतो, शेवटच्या आकड्यापर्यंत.

सव्वातीनच्या पुढं लाइन लागली. साहेब इंग्रजीत काहीतरी ओरडले, मंग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. बाहेर आले ते माझ्याशेजारी त्याच पायरीवर बसले. चांगल्या पँटीचा विचार केला न्हाई.

म्हणाले, थांबवलं त्यांनी. पाणी मोजायचा काटा सकाळी पूर्ण पाणी सोडल्यापासून कमी दाखवत होता. तिथल्या लोकांनी धरलं की काटाच बिघडलाय. पोरीनं पाना घेऊन काटा काढून ठेवला होता. काट्याशिवायच चालवणार होते.

"आरशात काही असेल असं कोणाला वाटलंच नाही, मिस्त्री," ते म्हणाले. "तुमच्या हातचा होता ना."

कोणी कानाखाली मारली असती तर सोसली असती. हे ऐकून मला वर बघवंना.

चार दिवसांनी पोरगी स्वतः आरसा घेऊन जालन्याला आली. तिला दारात बघितलं तेव्हा मी आधी तिचे डोळे बघितले. घारे होते. आम्ही उलट्या बाजूनं दाबानं पाणी सोडलं. एक दाणा आला, मंग दोन एकदम, बऱ्याच वेळानं चौथा. पाण्याची धार पूर्ण झाली. तिनं मोजलं आणि म्हणाली, बराबर आहे काका, आता चालंल.

मी म्हणालो, पाच होते.

तिनं समजावलं. विरघळला असंल, मोजायला चुकला असाल, धार तर पूर्ण आहे. मी मोजायला चुकलो न्हाई. आमच्यात चार टाकत न्हाईत. चाचा म्हणाले, अरे तीन महिन्यांचं काम आहे, पागल झाला का? मी आरसा वाइसमध्ये आवळला, हॅकसॉला नवं पान लावलं आणि माझ्याच हातानं घासलेलं ते तोंड मधोमध कापत गेलो. अर्धा दिवस लागला. तांब्याचा भुसा बोटांना चिकटत होता. पाचवा दाणा शेवटच्या वळणात होता, फुगलेला, काळा पडलेला, दोन्ही भिंतींना धरून. पोरीनं तो चिमट्यानं काढला आणि कागदावर ठेवला. चाचा बाहेर निघून गेले.

नवा आरसा अजून अडीच महिन्यांनी दिला. रिकामा दिला. आतून फुंकून, दिव्यापुढं धरून, पोरीला दोन्ही तोंडांतून बघायला लावून. बुचं मी तिच्याकडं पाठ करून लावली.

त्या दुपारी ती आमच्याकडं जेवायला होती. बायकोनं वांग्याची भाजी केल्ती. मनात जे होतं ते मी शेवटी बोललो.

"हा चांगला चालला, तर पलीकडं काय होईल?"

"पलीकडं म्हणजे?"

"जिकडं तुम्ही उजेड सोडणार तिकडं."

"तिकडं विमान असेल काका, नाहीतर दुश्मनाची गाडी."

"आणि त्यात कोण बसलेलं असंल? त्याला चष्मा असतो का?"

तिनं घास ताटात ठेवला. बायको तव्यापाशी होती. ती मागं न बघता म्हणाली, "अहो, जेवू द्या की तिला." मंग तिनं गरम भाकरी आणून पोरीच्या ताटात घातली. पोरीनं ती मोडली न्हाई.