न हसायची प्रॅक्टिस

गुरुजींनी आदल्या दिवशी दुपारभर पोरांना न हसायची प्रॅक्टिस दिली. हाताची घडी, तोंडावर बोट, नजर समोर. मधेच ते स्वतः वाकडं तोंड करायचे आणि कुणी हसलं की त्याला उभं करायचे. मी किचन शेडच्या खिडकीतून बघत होते. मी लातूरकडच्या मुरुडजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत खिचडी शिजवते. किचन शेड म्हणजे वर्गासमोरचं पत्र्याचं स्वयंपाकघर. माझी चुलीपुढची जागा अशी आहे की वर्गात काय चाललंय ते सगळं दिसतं, ऐकू येतं.

मी विचारलं, "गुरुजी, उद्या कोण येनार हाय?"

"लातूरच्या संस्थेचे साहेब. आणि एक मॅडम. नवीन पुस्तक आहे, पोरांवर ट्रायल घेणार आहेत."

"कशाचं पुस्तक?"

"गमतीचं."

"मग पोरांना हसू द्या की."

"हसतील. पाहुणे गेल्यावर हसतील."

गुरुजी माणूस वाईट नाही. पण मागच्या वेळी एका साहेबांचा मोबाईल वर्गात लग्नाच्या बँडसारखा वाजला, पोरं खिदळली आणि बोलणी गुरुजींना बसली. तेव्हापासून पाहुणा आला की वर्गात कुणी दात दाखवायचे नाहीत, असा हुकूम.

दुसऱ्या दिवशी मॅडम आधी आल्या, साहेब मागून जीपने येणार होते. मुक्ता नाव. अंगानं काडी, खांद्याला मोठी पिशवी. चहा घ्यायला माझ्याकडे बसली. तिनंच सांगितलं की नुकतं वाचायला लागलेल्या पोरांसाठी वेगळी पुस्तकं करतात. एका पानावर मोठ्या अक्षरात दोनच ओळी, बाकी चित्र. तीच ओळ पुन्हा पुन्हा येते, म्हणजे पोरगं अडखळत नाही. आणि गोष्ट गमतीची हवी, नाहीतर ते पुढचं पान उलटत नाही.

"माझी दोन पुस्तकं परत आली मावशी. साहेब म्हणाले, पोरं हसली तर हे छापू. नाही हसली तर लिहिणं बंद, ऑफिसात टायपिंगला बसा."

"बघू," म्हटलं.

मी चौथी शिकलेली. तिनं हातात दिलेलं पुस्तक मला वाचायला जमण्यासारखं होतं. गोष्ट अशी, एक म्हैस आधार कार्डाचा फोटो काढायला जाते. फोटो काढणारा दादा म्हणतो, "मान वर." म्हैस मान वर करते. शेपटी मध्ये येते. दादा म्हणतो, "पुन्हा." म्हैस मान वर करते. शेपटी मध्ये येते. रांगेतली माणसं घरी जाऊन जेवून परत येतात. शेवटी कार्डावर नुसती शेपटी छापली जाते आणि म्हैस म्हणते, "छान आलाय फोटो." मी वाचत राहिले आणि खिचडी थोडी बुडाला लागली. पण पास-नापास मी करणार नव्हते, वर्गातली पोरं करणार होती.

साहेब आले, मागच्या खुर्चीवर बसले. मुक्तानं वाचायला सुरुवात केली. पोरं दगडासारखी. शेपटी पहिल्यांदा आली, दुसऱ्यांदा आली. पोरांचे गाल फुगले, कान लाल झाले. एकाच्या नाकातून शिट्टी वाजली, गुरुजींनी त्याच्याकडे बघितलं, शिट्टी बंद.

"बाळांनो, हसलं तरी चालतं हं," मुक्ता म्हणाली.

"नाही मॅडम," गुरुजी म्हणाले, "आमची मुलं शिस्तीची आहेत."

साहेबांनी घड्याळ बघितलं. त्यांना संध्याकाळी नांदेडला मिटिंग होती. "मॅडम, एकही मूल हसलं नाही. हे छापून काय करायचं?" मुक्तानं पुस्तक मिटलं. तिचं तोंड टायपिंगला बसल्यासारखं झालं होतं.

आता आमच्या कामात एक नियम आहे. पोरांना वाढायच्या आधी अर्धा तास शिक्षकानं चव घ्यायची. गुरुजी रोज उभ्या उभ्या चिमूटभर खातात. मी दारात गेले.

"गुरुजी, चव बघायला चला."

"हे काय मधेच मावशी? साहेब बसलेत."

"साहेबासमोरच नेम मोडायचा का?"

साहेब म्हणाले, "जा ना गुरुजी. नियम आहे."

गुरुजींनी मॉनिटर आरतीच्या हातात खडू दिला. "जो हसंल त्याचं नाव फळ्यावर." आणि आले.

मी पाट टाकला, वर्गाकडे पाठ होईल असा. ताट भरून वाढलं, तेही पातेल्याच्या मधलं, जिथं वाफ असते.

"एवढी?"

"वरच्या थराची चव येगळी, मधल्याची येगळी."

पहिल्याच घासाला त्यांची जीभ पोळली. मी पाणी दिलं, सावकाश.

तिकडं मुक्ता शहाणी निघाली. तिनं पुस्तक आरतीच्याच हातात दिलं. "तू वाच बरं." आरती एका हातात खडू धरून वाचायला लागली. "मान वर. शेपटी मध्ये. पुन्हा." तिसऱ्या शेपटीला तिचा आवाज कापला. चौथ्या शेपटीला ती खाली बसली. मग सगळा वर्ग फुटला. पत्र्यावर दगड पडावेत तसा आवाज.

गुरुजी उठले.

"बसा. ताटात टाकायचं न्हाई. तुमच्याच हातानं भिंतीवर लिवलंय."

"मावशी, अहो, पोरं..."

"पोरं कुठं जात न्हाईत. गरम हाय, दमानं खा."

आरती उठली. पोरगी इमानदार. फळ्यावर पहिलं नाव तिनं स्वतःचं लिहिलं. मग बाकीच्यांची लिहायला लागली, तर पोरं हात वर करून ओरडायला लागली. माझं लिही. मी बी हसलो. मी जास्ती हसलो. एकानं तर दोनदा लिहून घेतलं. पुस्तक या बाकावरून त्या बाकावर गेलं, ज्याच्या हाती पडलं तो मोठ्यानं वाचत होता. ज्यांना अक्षर लावता येत नव्हतं, तेही शेपटीच्या ओळीला सगळ्यांच्या पुढं होते.

गुरुजी रिकामं ताट ठेवून वर्गात पोचले तेव्हा फळा भरला होता. त्यांनी वरून खालपर्यंत नावं वाचली. शेवटच्या नावाशी थांबले.

"आलती," पोळलेल्या जिभेनं म्हणाले, "हे 'शाहेब' कोण?"

आरतीनं मागच्या खुर्चीकडे बोट केलं.

साहेबांनी रुमालानं डोळे पुसले. "बरोबर लिहिलंय गुरुजी. मी दोनदा हसलो."

पुस्तक छापलं गेलं. मुक्ता आता पुढचं लिहितेय, टायपिंगला दुसरं कुणीतरी बसलंय. आमच्या शाळेला प्रती मिळाल्या, त्यांच्या कडा फाटल्यात, त्यामुळे गुरुजींना पाहुण्यांना दाखवायच्या कपाटात ठेवायला लाज वाटते आणि त्या बाहेरच राहतात. माझ्या अनुभवानं सांगते, पोरं वाचायला लागावीत असं वाटत असेल तर चांगलं पुस्तक द्यावं आणि त्या वेळी मास्तरला पोटभर जेवायला बसवावं.